जांभळा कुठे गेला?

दवाखान्याचे पांढरे कोट संध्याकाळपर्यंत शिवून द्यायचे होते. काजं आणि बटणं तेवढी उरली होती. आमच्या घरात ऊन येतं ते फक्त माझ्या शिलाई मशीनच्या खोलीत, आणि नेमकी तीच खोली आजोबा-नातीला हवी होती.

"घरी इंद्रधनुष्य कसं केलं ते उद्या वर्गात सांगायचंय," माझी लेक बिट्टी म्हणाली. तिचे आजोबा, म्हणजे माझे सासरे, जन्मभर कॉलेजात प्रकाशच शिकवत आलेले. आधीच मर्कट, त्यात मद्य प्यालेलं!

"पाचच मिनिटं, सूनबाई."

बाबांची पाच मिनिटं मला ठाऊक आहेत. स्वयंपाकघरातला पसरट ट्रे आला, न्हाणीघरातला आरसा आला, पाणी आलं. ट्रेच्या काठाला आरसा तिरका टेकवला, निम्मा पाण्यात.

"ऊन पाण्यात शिरताना वळतं, आरशावर आपटून बाहेर येताना पुन्हा वळतं. तांबडा कमी वळतो, जांभळा जास्त. म्हणून रंग वेगळे होतात."

"पण का?" बिट्टीने विचारलं. झालं! त्या एका "का"पायी ऊन टेबलावरून सरकून गेलं. मग ट्रे हलवा, मशीन ओढा, आरसा घसरला, जमिनीवर पाणीच पाणी. कोटांचा गठ्ठा मी उचलून पलंगावर फेकला म्हणून वाचला. बटणं मात्र पोहत होती.

शेवटी एकदाचं जमलं. खुंटीवरच्या कोटावर रंगांचा पट्टा उमटला, इतका स्वच्छ की मीसुद्धा सुई हातात धरून बघत राहिले. बिट्टीने उडीच मारली.

बाबा पुढे झाले, मागे झाले, आणि म्हणाले, "काहीतरी चुकलंय. जांभळा नाही."

"आहे की, आजोबा!"

"विज्ञानात दिसत नसलेलं आहे म्हणू नये, बिट्टी."

पोरीचा चेहरा उतरला. पाणी बदललं. आरसा पुसला. कोन बदलला. जांभळा आम्हाला दर वेळी दिसत होता आणि बाबांना दर वेळी नाही. माझा पारा चढला. मी उठले आणि कोटावर बोट ठेवलं. "हा! हा इथे! जांभळा नाही तर काय आहे?"

बाबांनी नाक टेकेल इतकं वाकून पाहिलं. "इथे मला नुसता कोट दिसतोय."

मग बाबा हळूच म्हणाले, "एखादा पिवळा कागद आहे का? आरपार दिसेल असा?"

बिट्टीने चॉकलेटचा कागद शोधून आणला. तो त्यांनी तिच्याच डोळ्यांपुढे धरला. "आता सांग."

"अय्या! जांभळा गेला! निळापण मळका झाला!"

बाबा माझ्या स्टुलावर बसले. "प्रकाशाचं काही चुकलं नाही. भिंग पिवळं पडलंय. माझ्या डोळ्यातलं."

दोन वर्षं डॉक्टर मोतीबिंदू काढा म्हणत होते. आम्ही विनवण्या केल्या, त्यांच्या मुलाने भांडण केलं, आणि बाबांचं एकच, "मला लख्ख दिसतंय."

"आमचा घसा कोरडा पडला, बाबा! आणि तुम्हाला पटलं ते चॉकलेटच्या कागदाने?"

"तुम्ही मत सांगत होता. हा पुरावा आहे."

मी आणखी तोंड सोडणार होते, पण ते तो कागद स्वतःच्या डोळ्यांपुढे धरत होते, काढत होते. "मला आधीच कळायला हवं होतं," ते म्हणाले. "हेच तर शिकवलं मी." मी त्यांना पाणी दिलं आणि डोळ्यांच्या दवाखान्यात फोन लावून दिला.

"काय त्रास होतोय?" तिकडच्या मुलीने विचारलं असावं, कारण बाबांनी सुरुवात केली, "असं बघा, कमी तरंगलांबीचा प्रकाश जेव्हा..."

मी फोन हिसकावला. "मोतीबिंदू. जवळची तारीख द्या."

कोट उशिरा गेले, बोलणी मी खाल्ली. बाबांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन छान झालं. पण सुटका नाही! दिवसभर एकदा हा डोळा झाकतात, एकदा तो. "या डोळ्याने भिंत पांढरी, त्या डोळ्याने सायीसारखी. बिट्टी, लिहून घे!"

आज दुसऱ्या डोळ्याची तारीख होती. सकाळी म्हणतात, "जरा थांबूया का? तुलनेला एक जुना डोळा हवा."

मी त्यांच्या चपला दारात नेऊन ठेवल्या आणि रिक्षाला हात केला.