कोमट पाण्याची झारी

माझ्या वाकड्या तोटीला हसू नका, मित्रांनो. मी एक जुनी पत्र्याची झारी आहे. टोमॅटोच्या रिकाम्या डब्यांचा पत्रा ठोकून मला घडवलं. बुडाशी अजून डब्यावर छापलेला अर्धा लाल टोमॅटो दिसतो. आमच्या पठारावर माझ्यासारख्या झाऱ्या पुष्कळ होत्या, पण त्या मुसलमानांच्या घरी. नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायचं, वजू करायचा, की आमची आठवण व्हायची. मी मात्र एका ख्रिस्ती बाईच्या दारात आयुष्य काढलं.

तिचं नाव कनेंग. रस्त्याकडेला मोठ्या कढईत ती चवळीची भजी तळायची. तिच्या कुंपणाला लागून आंब्याखाली मालम साबितू बसायचे. मालम म्हणजे गुरुजी. कुराण शिकलेला माणूस म्हणून सगळे त्यांना मालम म्हणायचे, पण पोट चालायचं टोप्या धुण्यावर. नक्षीच्या टोप्या धुवायच्या, खळ द्यायची, लाकडी साच्यावर वाळत घालायच्या. बांग झाली की ते गुडघे धरत उठायचे आणि पाण्यासाठी थेट ओढ्यापर्यंत जायचे. कनेंगने काही दिवस हे पाहिलं आणि एक दिवस बाजारातून मला घेऊन आली.

"हे काय आणलंस, ताई?" मालमनी विचारलं.

"झारी. डोळे गेले का? तुम्ही ओढ्यावरून येईपर्यंत बकऱ्या टोप्या चघळतात आणि गिऱ्हाइकं शिव्या मला घालतात."

अशी माझी नेमणूक झाली. कुंपणाच्या आत एक सपाट दगड होता, ती माझी जागा. हिवाळ्यात वाळवंटाकडून कोरडा, धुळीचा वारा सुटतो आणि पहाटे बोटं वाकत नाहीत, तेव्हा कनेंग भांड्यात पाणी तापवून मग माझ्यात ओतायची. मालमचे गुडघे दुखायचे ना! कधीतरी ती चिडवायची, "दिवसातून पाच वेळा हाका? तुमच्या देवाला तुम्ही बहिरे वाटता की काय?" मालम पाय धुता धुता म्हणायचे, "तुझा बरा गं! रविवारी गाणी ऐकतो आणि सहा दिवस तुला भजी तळायला मोकळं सोडतो."

नाताळात तिच्या कोंबड्या मालमच कापायचे. दुसऱ्या कुणी कापलेल्या त्यांच्या घरी चालल्या नसत्या आणि मालमच्या घरी ताट गेल्याशिवाय कनेंगचा सण होत नसे. चर्चमधल्या बाया टोमणे मारायच्या, "उद्या बायबलऐवजी झारीच घेऊन येशील तू." ही म्हणायची, "आणीन की. तुमची तोंडं धुवायला होईल."

एकदा माझी तोटी निखळली. समोर पाम नावाच्या माणसाचं पत्र्याच्या कामाचं दुकान होतं. त्याने शिसं वितळवून तोटी पुन्हा बसवली.

"कुणासाठी एवढी धडपड, कनेंग?"

"त्या म्हाताऱ्यासाठी. कोमट पाणी लागतं त्याला. मी तर थंडच घेते बाबा, माझी हाडं अजून नवरीची आहेत!"

पाम खदाखदा हसला. माणूस वाईट नव्हता, हे आधी सांगून ठेवते. पुढचं ऐकल्यावर तुमचा विश्वास बसणार नाही.

मग गावात दंगल पेटली. बाजारात कुणी आधी हात उचलला ते आजवर ठरलेलं नाही. ओढ्यापलीकडे मुसलमानांनी ख्रिस्ती मारले, अलीकडे ख्रिस्त्यांनी मुसलमान. पामचा धाकटा भाऊ त्या दिवशी पलीकडे धान्य आणायला गेला होता. त्याचं प्रेतच खाटेवर घालून आणलं. मालमची बायको कधीच वारली होती, एकुलती मुलगी बिलकी पलीकडे सासरी होती. पण ओढा ओलांडायची वाट बंद झाली. कनेंगने त्यांना मागच्या अंगणातल्या मातीच्या कणगीत लपवलं आणि वरून गवताचं झाकण ठेवलं.

"मालम, आता पाण्याचं नाव काढू नका," ती म्हणाली.

"पाणी नसलं तर मातीने वजू होतो, ताई. कणगीला माती काय कमी आहे? तू तुझा जीव सांभाळ."

खरंच, त्यांनी पाणी मागितलं नाही. पण एका पहाटे थंडी फार पडली. कनेंग उठली, चूल पेटवली, पाणी तापवलं, माझ्यात ओतलं आणि मला नेऊन दगडावर ठेवलं. कुणी सांगितलं नव्हतं. इतक्या वर्षांची सवय, हातांनी आपोआप केलं. तिच्या लक्षात यायच्या आत फाटक धाडधाड वाजलं.

हातात कोयते घेऊन माणसं आत आली. पुढे पाम होता.

"घरात कोण आहे?"

"मी आणि माझा देव."

"आणि ही झारी?"

"टोपीवाला पळाला, झारी राहिली. तिची जागाच ती."

ते परत जायला वळलेसुद्धा. पण पामने मला उचललं, झाकण काढलं आणि आत बोट घातलं. किती वेळ ते बोट माझ्यात होतं! मी पत्र्याची, मला सांडताही येईना.

"पाणी कोमट आहे," तो म्हणाला.

"मला लागतं कोमट."

"तू थंड घेतेस, कनेंग. तूच सांगितलं होतंस."

"पाम, अरे तुझ्या हाताने जोडलेली तोटी आहे ही!"

"माझा भाऊ कुणी जोडून देणार आहे का?"

कुणीतरी कनेंगचे केस धरून तिला खाली पाडलं. "बोल, नाहीतर घर पेटवतो." ती म्हणाली, "पेटवा." तेवढ्यात कणगीचं झाकण हललं. मालम बाहेर आले. दाढीत धान्याचा कोंडा अडकला होता.

"तिला सोडा. मी आलोय," ते म्हणाले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पाणी भरलंच आहे, तर वजू करू द्या."

केस धरणाऱ्याची मूठ सैल झाली. कनेंगने उठून मला पामच्या हातातून ओढून घेतलं आणि ओतू लागली. पाणी बाजूलाच सांडत होतं.

"नीट ओत, ताई. वाया जातंय."

"मालम, माझ्यामुळे हो... माझ्यामुळे..."

"छान कोमट आहे गं," मालम म्हणाले.

हात झाले, तोंड झालं, डोक्यावरून ओला हात फिरला. शेवटी पाय धुतले. मग त्यांना आंब्याकडे नेलं. पुढचं मी ऐकलं, ते तुम्हाला सांगणार नाही. जाताना कुणाचा तरी पाय माझ्यावर पडला आणि तोटी वाकली.

त्यानंतर आमच्या बाजूला बांग देणारं कुणी उरलं नाही. कनेंग दर रविवारी चर्चला जायची आणि पामच्या मागच्याच बाकावर बसायची. शेजारीण म्हणाली, "कशी बसवते गं तुला तिथे?" ही कडाडली, "चर्च काय पामच्या बापाचं आहे? त्याला तोंड दाखवायला लाज नाही, मग माझा देव मी का सोडू?" घरी मात्र थंडीच्या पहाटे पाणी तापवायची, मग भानावर येऊन ते आंब्याच्या मुळाशी ओतायची आणि रडायची. "माझ्याच पाण्याने मारलं त्यांना." एकदा पाम दारात आला, तोटी सरळ करून देतो म्हणाला. ती म्हणाली, "हात लावू नकोस. वाकडीच राहू दे."

काही वर्षांनी दिवसाउजेडी माणसं ओढा ओलांडू लागली. तेव्हा बिलकी आली. वडील बसायचे ती जागा तिला बघायची होती. कनेंगने तिच्यापासून काही लपवलं नाही. सवय, कोमट पाणी, पामचं बोट, सगळं सांगितलं आणि मान खाली घालून बसली. पोरगी शिव्याशाप देईल, थुंकेल, असं मलाही वाटलं.

बिलकीने एवढंच विचारलं, "मावशी, बाबांचे पाय धुऊन झाले होते?"

"झाले होते. आधी उजवा, मग डावा. मीच ओतलं."

"म्हणजे वजू पुरा झाला होता."

"हो, पोरी. पुरा झाला होता."

बिलकीने मला पोटाशी धरलं आणि हुंदके देत रडली. "पलीकडे लोक म्हणायचे, कुत्र्याच्या मौतीने मेले. नाही गं मावशी. ते नमाजाला निघालेल्या माणसासारखे गेले."

कनेंगचं दुःख त्याने सरलं, असं मी म्हणणार नाही. ती आजही तापवलेलं पाणी ओतताना रडते. पण त्या दिवशी ओढ्यापलीकडून दुपारची बांग ऐकू आली, तेव्हा तिने मला भरलं आणि बिलकीच्या हातांवर ओतलं. वाकड्या तोटीतून पाणी भलतीकडेच गेलं, दोघी भिजल्या. जाताना बिलकीने मला नेलं नाही. "इथेच असू दे. मी येईन तेव्हा लागेल," म्हणाली.

मी त्याच दगडावर आहे, मित्रांनो. पत्रा झिजलाय, भोकं पडायला लागलीत. मला जपा असं मी म्हणत नाही, माझं काय राहिलंय आता? एकच मागणं आहे. दुसऱ्याच्या देवासाठी कुणी आपल्या दारात पाणी भरून ठेवलेलं दिसलं, तर गुपचूप पुढे जा. त्यात बोट घालून बघू नका.