चाक आत जाता कामा नये

मी फाटक बोलतोय. बागेचं फिरतं फाटक. मध्ये लोखंडी खांब, त्याला कमरेच्या उंचीवर चार आडवे दांडे. तुम्ही पोटाने ढकलता, मी पाव फेरा फिरतो आणि एकाला आत घेतो. एका वेळी एकच. साहेब असो की हमाल, माझ्यापुढे रांगेतच.

मला एका मिस्त्रीने घडवलं. बोलायला कमी, हाताचा पक्का. तेव्हा बागेत मोटरसायकली घुसायच्या आणि फुलांचे वाफे तुडवायच्या. बागेच्या कचेरीतल्या साहेबाने मिस्त्रीला सांगितलं, "चाक म्हणून आत जाता कामा नये."

मिस्त्री चार दिवस खपला. मला दारात पक्का रोवला. मग स्वतःची सायकल आणून ती आत जाते का बघितलं. नाही गेली. तेव्हा गडी हसला.

त्या दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली होती. तिने मान उंचावून विचारलं, "आत काय आहे हो?"

"तळं आहे. आता ओलं सिमेंट आहे सगळीकडे. आणीन तुला एकदा सवडीने."

ती सवड त्याला एकतीस वर्षं मिळाली नाही.

मी मात्र माझं काम केलं. बागेला दुसरं मोठं दार होतं, ते पुढे भिंत घालून बुजवलं. आत जायचं तर माझ्यातूनच. माणसं मी पुष्कळ पाहिली. नवं लग्न झालेली जोडपी एकाच खणात दोघं शिरायची आणि अडकली की हसायची. जाड माणसं आधी इकडेतिकडे बघायची, मग तिरकी व्हायची. डॉक्टरने चालायला सांगितलेले गृहस्थ आत जाऊन पहिल्याच बाकावर बसायचे. मला तेल कुणी घातलं नाही. मी मागितलंही नाही. पण एकतीस वर्षांत एक चाक आत जाऊ दिलं नाही. याचा मला अभिमान होता.

मग एका रविवारी सकाळी मिस्त्री आला. केस पांढरे झालेले. पुढे चाकांची खुर्ची, खुर्चीत बायको. तिचे पाय गेले होते आणि आता हातही जड पडायला लागले होते. तिच्या मांडीवर कॅलेंडरचं एक पान होतं, मागच्या कोऱ्या बाजूला शहरातल्या सगळ्या बागांची नावं. दर रविवारी एक बाग, असं दोघांनी ठरवलं होतं. पाण्याच्या टाकीखालची झाली, इस्पितळामागची झाली, रेल्वेपलीकडचा चिंचोळा पट्टासुद्धा झाला. ही एकच राहिली होती.

"मुद्दाम शेवटी ठेवली," मिस्त्री म्हणाला. "माझं काम आहे इथे. बघ."

आणि त्याने खुर्ची पुढे ढकलली.

खुर्ची माझ्या दांड्याला लागून थांबली. त्याने ती मागे घेतली, तिरकी केली, पुन्हा ढकलली. मग त्याने खाली तिच्या चाकांकडे पाहिलं. खरं सांगतो, तोवर त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

बायकोच बोलली. "तुमचं काम चोख असतं हो. घरातला नळ तेवढा एकतीस वर्षं गळतोय."

रखवालदार धावत आला. "काका, आपण दोघं काकूंना उचलून घेऊ. खुर्ची कुंपणाच्या कठड्यावरून आत टाकू."

"मी काय खताचं पोतं आहे?" ती म्हणाली. उचललं की तिच्या पाठीत कळ यायची. घरातसुद्धा तिला चादरीवरून सरकवावं लागायचं.

मिस्त्रीने माझ्या सांध्यावर हात ठेवला. "दोन तासांत कापीन."

"सरकारी वस्तू आहे," बायको म्हणाली. "पोलिसांनी तुम्हाला आत टाकलं तर मला ढकलणार कोण? अर्ज करा."

त्याने अर्ज केला. कचेरीतून उत्तर आलं, विचार चालू आहे.

विचार चालू असताना ती दोघं दर रविवारी येऊ लागली. ती माझ्याजवळ, बाहेर फुटपाथवर. तो माझ्यातून आत जायचा, बघून परत यायचा.

"काय दिसलं?"

"पाणी आहे. बदकं आहेत."

"किती?"

"मोजली नाहीत."

"मग जा ना, मोजून या."

तो पुन्हा जायचा. पाच रविवार असं चाललं. आयुष्यभर दोन शब्दांवर भागवणारा माणूस. पाचव्या रविवारी तो तिला तळ्याकाठच्या गवताचा रंग सांगत होता. अडत होता, खोडत होता, पुन्हा सांगत होता. ती डोळे मिटून ऐकत होती. तो जाता-येता मी फिरत होतो. त्याच्यासाठी फिरायचं आणि तिला अडवायचं, हे एकाच दिवशी. त्यापेक्षा गंजून मोडलो असतो तर बरं झालं असतं.

सहाव्या रविवारी कुणी आलं नाही. सातव्याही नाही.

चार महिन्यांनी मंजुरी आली. कचेरीचा माणूस कापायला येणार होता, पण त्याच्याआधी मिस्त्री आला. एकटा, हातात कापायचं मशीन.

"काकू कशा आहेत, काका?" रखवालदाराने विचारलं.

मिस्त्रीने मशीन सुरू केलं. रखवालदाराने पुन्हा विचारलं नाही.

त्याने माझे चारही दांडे उतरवले आणि मला मुळाशी कापलं. जमिनीत उरलेल्या बुंध्याची धार त्याने कानशीने घासली, वर तळहात फिरवून पाहिला, पुन्हा घासली. कुणाच्या चाकाला लागू नये म्हणून. मग खुर्ची जाईल एवढं दार रुंद आहे ना, हे टेप लावून मोजलं.

"चला, काका, आत तरी बसा घटकाभर," रखवालदार म्हणाला.

"नको," मिस्त्री म्हणाला. सामान उचललं आणि गेला. नंतर तो कधी आला नाही.

आता मी माळ्याच्या खोलीमागे भिंतीला टेकून पडलो आहे. इथून दार दिसतं. परवा एक म्हातारे गृहस्थ खुर्चीतून आले. त्यांची मुलगी मागून गप्पा मारत ढकलत होती. दारात ती थांबलीसुद्धा नाही. तिथे कधी काही होतं, हे तिला कुठून कळणार?

मी आजवर कुणाकडे काही मागितलं नाही. आता मागतो. मला भंगारात घाला, वितळवा, माझी काही तक्रार नाही. पण माझं पुन्हा दार करू नका. तळ्याकडे जी उतरती वाट आहे, तिच्या कडेला धरायला काही नाही. तिथे माझा कठडा करा. थकलेल्या हातांना धरू द्या मला.

अडवायला मी फार चांगला होतो.