सहीच्या अलीकडे

"साहेब, तुम्ही क्रेट मोजायला आलात ना? मग मोजा की," शीतगृहाचा मालक हसत म्हणाला, आणि बाजूला उभे असलेले त्याचे दोघं-तिघं कामगारही हसले.

हिरामण गावितने मान खाली घालून पुन्हा मोजायला सुरुवात केली. आत इतकी थंडी होती की पेन नीट चालत नव्हतं. मार्चअखेर होती, पिंपळगावच्या त्या शीतगृहात छतापर्यंत द्राक्षांचे क्रेट रचले होते, आणि हिशेबात दाखवलेला माल खरंच तिथं आहे की नाही हे बघायला हिरामण आणि त्याचे चांदवडकर सर नाशिकहून आले होते. मालकानं शेजारी आणखी एक शीतगृह बांधायला काढलं होतं. बाहेर सिमेंटची पोती पडलेली बघून हिरामणने सहज विचारलं होतं, "सगळा माल एकाच परदेशी व्यापाऱ्याला जातो. त्यानं उद्या नाही म्हटलं, तर एवढ्या मोठ्या जागेत ठेवणार काय?" त्यावर मालकाचं हे उत्तर आलं होतं.

परतीच्या वाटेवर सर गाडी चालवत होते. ओझर मागं पडल्यावर म्हणाले, "प्रश्न बरोबर होता तुझा. पण तो आपला नव्हे."

"म्हणजे?"

"माल आहे की नाही, एवढं आपण सांगायचं. उद्या तो विकला जाईल की सडेल, हे सांगायला आपल्याला कुणी बोलावलेलं नाही."

"मग ते कुणी विचारायचं, सर?"

"ज्याचा पैसा अडकणार असेल तो विचारेल." सरांनी आरशात बघितलं. "बरं, ते जाऊ दे. अक्षय्य तृतीयेला पाटी बदलायची म्हणतोय मी. चांदवडकर अँड गावित. पेंटरला सांगून ठेवलंय. किती दिवस माझ्या हाताखाली राबणार? सही करायला लाग आता."

सुरगाण्याच्या आश्रमशाळेतून शिकून आलेल्या हिरामणला सात-आठ वर्षांपूर्वी दोन ऑफिसांनी इंग्रजी कच्चं म्हणून दारातूनच परत पाठवलं होतं. चांदवडकर सरांनी ठेवून घेतलं, रागावून रागावून इंग्रजीत पत्रं लिहायला शिकवलं, परीक्षेच्या आधी हक्काची रजा दिली. सी.ए. होऊन त्याला दीड वर्ष झालं होतं, पण तो पगारी माणूस होता. काम त्याचं असलं तरी ताळेबंदाखाली सही सरांची असे. भागीदार झाला की त्याची स्वतःची सही चालणार होती.

"थँक यू, सर," तो म्हणाला. त्याला स्वतःलाच ते फार कोरडं वाटलं.

त्या संध्याकाळी पंचवटीतल्या खोलीच्या गच्चीवर तो उभा असताना महेशचा फोन आला. महेश त्याच ऑफिसात त्याच्याबरोबर शिकला होता आणि पास झाल्या झाल्या मुंबईला एका फायनान्स कंपनीत गेला होता. कारखान्यांना, नव्या प्रकल्पांना कर्ज देणारी कंपनी. गेल्या महिन्यात हिरामण तिथं मुलाखत देऊन आला होता, आणि ते सरांना माहीत नव्हतं.

"झालं तुझं काम. पत्र निघालंय. साहेब म्हणाले, सोमवारी हो की नाही ते सांगा."

"इथं सर भागीदारी देतायत, महेश."

"देणारच! तुझ्यासारखा गडी कुठं मिळणार त्यांना? पण ऐक, यायचं तर आत्ता ये. चार-पाच वर्षांनी आलास ना, तर म्हणतील हा ऑडिटवाला आहे, याला कागदावर बरोबरच्या खुणा मारण्यापलीकडं काही येत नाही. मग कुणी उभं करणार नाही."

"इथं आता सही माझी होईल."

"अरे, त्या सहीला काय चाटायचंय?"

नोकरीत गेल्यावर ऑडिटवर सही करता येणार नव्हती. महेशला ती गोष्ट एवढीशी वाटत होती. हिरामणला तशी वाटत नव्हती, आणि त्याचं कारण सुरगाण्याकडं होतं.

रविवारी तो घरी गेला. त्याचा बाप पुंजा द्राक्षबागांची कामं आटोपून नुकताच गावी आला होता. दिवाळीनंतर घराला कुलूप घालून निघायचं आणि भाताच्या आधी परत यायचं, असं त्याचं आयुष्य गेलं होतं. मजुरीच्या कागदावर त्यानं जन्मभर अंगठा उठवला. पोरगा नेमकं काय शिकला हे त्याला कधी कळलं नाही. पण एक गोष्ट त्यानं पक्की धरून ठेवली होती, की या पोराची सही असल्याशिवाय मोठमोठ्या शेठलोकांचे कागद सरकार घेत नाही. ते तो पाड्यावर ज्याला त्याला सांगत असे.

त्याच्या आईनं, भागीबाईनं नागलीची भाकरी पुढ्यात ठेवली तशी पुंजानं विचारलं, "तुझी सही कधी चालू व्हणार?"

"चालू होतेय, बा. सर पाटीवर नाव लावतायत."

"तुझं नाव? नाशकात?"

"हो. पण..." हिरामणने भाकरीचा तुकडा मोडला. "मुंबईची एक नोकरी आलीय. जावं का, असं मनात हाय."

"तिथं बी सहीच का?"

"नाय. तिथं सही नाय. कोणाचा कारखाना पुढं चालंल, कोणाचा नाय, ते आधी बघायचं. मग कंपनी त्याला कर्ज देणार."

पुंजा विचारात पडला. "म्हंजे सावकारी?"

हिरामणला हसू आलं, आणि बापाचा चेहरा बघून ते विरलं. "तसं नाय, बा."

"मुंबईचं पाणी काय चांगलं नाय," भागीबाई चुलीजवळून म्हणाली. "यादवचा पोऱ्या गेला, किती वाळून आला."

पुढं त्यावर बोलणं झालं नाही. झोपायच्या आधी पुंजा अंगणात खाट टाकता टाकता एवढंच म्हणाला, "पाटी लागली असती तं बघाया आलो असतो. नाशिकला एवढ्यांदा गेलो, पर तुझ्या हापिसात कधी आलो नाय."

सकाळी तो हिरामणला जीपपर्यंत पोचवायला आला. जीप भरली होती. पुंजानं चालवणाऱ्या मंगळूला सांगून पुढच्या सीटवरच्या माणसाला मागं बसायला लावलं. "साहेबाला पुढं बसू दे," म्हणाला. आणि जीप सुटायच्या आत वळून चालू लागला.

घाट चढताना हिरामण ठरवायचा प्रयत्न करत होता. सरांचे उपकार एका बाजूला, महेशचं बोलणं दुसऱ्या बाजूला, असं मांडून बघितलं. काहीच निष्पन्न होईना. मग बोरगावच्या पुढं रस्त्याला एक नवा ढाबा बांधायचं काम चाललेलं दिसलं. देवीच्या गडाकडं जाणाऱ्या गाड्या अलीकडंच वळतात, इथं थांबणार कोण? पावसाळ्याचे महिने कसे काढणार? त्यापेक्षा याच जागेत पंक्चर आणि जुन्या टायरचं दुकान काढलं असतं तर? वणी आलं तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की एवढा वेळ आपण त्या परक्या माणसाच्या ढाब्याचाच विचार करत होतो, आणि त्यात मजेत होतो. ऑडिटला बसल्यावर असं कधी झालं नव्हतं. काम तो चोख करायचा. पण दुसऱ्याच्या लग्नानंतर उष्ट्या पत्रावळी मोजत बसल्यासारखं त्याला वाटायचं.

ऑफिसात पोचल्या पोचल्या तो सरांच्या केबिनमध्ये गेला आणि उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं.

सरांनी चष्मा काढला. "मुलाखत कधी दिलीस?"

"गेल्या महिन्यात."

"म्हणजे परवा गाडीत मी पाटीचं बोललो, तेव्हा तुला माहीत होतं."

"पत्र येईल असं वाटलं नव्हतं, सर."

"वाटलं नव्हतं!" सरांचा आवाज चढला. "घडवायचं आम्ही आणि न्यायचं यांनी. आधी महेश, आता तू. अरे, मग शिकलास कशाला इथं? माझी वर्षं का फुकट घालवलीस?"

सरांनी बाहेर बघून हाक मारली, "लताबाई, त्या पेंटरला फोन लावा. म्हणावं, राहू दे तूर्त."

टायपिस्ट लताबाईंनी एकदा हिरामणकडं बघितलं आणि फोन उचलला.

राहिलेले दिवस तसेच गेले. सर कामापुरतं बोलत, तेही बहुतेक लताबाईंमार्फत. अक्षय्य तृतीया आली आणि गेली. हिरामणने हातातली कामं एकेक करून संपवली. नांदगावच्या धान्याच्या पेढीचं तेवढं राहिलं होतं. दरवर्षी तोच जायचा. जायला निघाला, तर लताबाई म्हणाल्या, "सर म्हणालेत, तुम्ही जाऊ नका. ते स्वतः जाणारेत."

निघायच्या दिवशी तो पेढे घेऊन आला तेव्हा केबिन बंद होती.

"कालच गेले नांदगावला," लताबाई म्हणाल्या. "या वयात कशाला दगदग करतात, कोण जाणे. तुमची गाडी दुपारचीच ना, हिरामणभाऊ?"

"हो, दुपारची. भुसावळकडून येते ती."

"सरांनीही मला तेच विचारलं होतं. मी सांगितलं त्यांना."

हिरामणने पेढ्यांचा पुडा त्यांच्याकडं दिला, सरांच्या बंद केबिनसमोर क्षणभर थांबला आणि निघाला.

नाशिकरोडला फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती. सुट्ट्यांचे दिवस, त्यातून लग्नसराई. गाडी आली तीच दारापर्यंत भरून. एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात वळकटी घेऊन हिरामण डब्यामागून डबे सोडत पुढं पळत होता, तेवढ्यात कुणीतरी त्याचं नाव घेऊन हाक मारली.

चांदवडकर सर एका डब्याच्या दारातून खाली उतरत होते. शर्ट घामानं भिजला होता, खांद्याला नेहमीची पिशवी. नांदगावहून ते याच गाडीनं आले होते. हिरामण वाकायला गेला, पण हातातल्या सामानामुळं त्याला वाकता येईना.

"ते राहू दे," सर म्हणाले. "या दारानं चढ. डाव्या हाताला, तिसरी खिडकी. रुमाल टाकून ठेवलाय. शेजारी एक बाई आहेत, त्यांना सांगितलंय, माझा माणूस येतोय म्हणून. लवकर जा."

"सर, नांदगावचं काम..."

"झालं ते. चढ आधी."

हिरामण चढला. माणसांमधून, गाठोड्यांमधून वाट काढत तो तिसऱ्या खिडकीपाशी पोचला. बाकावर पांढरा रुमाल पसरलेला होता, चार घड्या उलगडून, पुरेपूर. शेजारच्या बाईंनी पाय आवरून घेतले. तो रुमाल उचलून बसला आणि लगेच गजांना तोंड लावून बाहेर बघू लागला.

सर जिन्याच्या दिशेनं निघाले होते. गर्दीतून येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट देत, कडेकडेनं, हळूहळू. चेहऱ्यावरचा घाम ते शर्टाच्या बाहीनं पुसत होते. गाडी हलली तेव्हा ते पहिल्या पायरीवर होते.