दिवसाचा आणि संध्याकाळचा ड्रेस

नणंदेला ताणल्या जाणाऱ्या होजिअरी कापडाचा ड्रेस हवा होता. दिवसा ऑफिसात चालेल आणि संध्याकाळी पार्टीतही शोभेल असा.

"आणि वहिनी, पोट दिसता कामा नये. जमलं तर ऑफिसातल्या सगळ्याजणींना तुझ्याकडे पाठवते. नाहीतर तुझे परकरच बरे."

वहिनी इरेला पेटली. जन्मभर तिने सुती कापडच शिवलेलं. असलं वजनदार कापड आधी टांगून ताणलं जाऊ द्यायचं आणि मगच खालची दुमड घालायची, हे तिच्या गावीही नव्हतं. पोटावर तिरक्या चुण्या घेऊन तिने गुडघ्याशी दुमड घातली आणि ड्रेस देऊन टाकला.

शेजारच्या शिंपिणीने चूक सांगितली तेव्हा उशीर झाला होता. सकाळी गुडघ्यावर असलेला ड्रेस अंगावरच लोंबत संध्याकाळी घोट्याशी पोहोचला.

दुसऱ्या दिवशी नणंद दारात दिसताच वहिनीने मशीनवर झाकण घातलं.

"सगळ्या विचारत होत्या, कपडे बदललेस कधी?" नणंद म्हणाली. "पोट तर कुठं गेलं कोण जाणे. रात्री धुतला, तर पुन्हा गुडघ्यावर आला. सगळ्यांना अस्साच हवाय हं, वहिनी."

वहिनीने झाकण काढलं. नुकतीच शिकलेली गोष्ट आता तिला विसरायची होती.