अठरा दिवस गप्प बसलेला फोन

मित्रांनो, मी एक जुना काळा फोन आहे आणि माझ्या अंगावर एकही आकडा नाही. हसू नका! मला आयुष्यभर एकाच ठिकाणी बोलायचं होतं, मग आकडे हवेत कशाला? माझ्या उजव्या बाजूला एक मूठ आहे. ती गरागरा फिरवली की डोंगरापलीकडे, शेजारच्या देशाच्या चौकीत घंटा वाजायची. तिथे माझा सख्खा भाऊ होता. आम्ही दोघे एकाच कारखान्यात, एकाच बाकावर तयार झालो. एकाच बाईने आमचे स्क्रू पिळले. मग एका खोक्यात तो गेला आणि दुसऱ्यात मी. त्यानंतर आमची गाठ कधीच पडली नाही.

आमची नेमणूक एका लढाईनंतर झाली. दोन्ही देशांनी तेव्हा ठरवलं, की गोळीबाराचा सराव असो किंवा कुणी वाट चुकून हद्द ओलांडलेली असो, एकमेकांना लगेच कळवायचं. नुसत्या गैरसमजातून पुन्हा माणसं मरायला नकोत. तार शाबूत आहे ना, हे बघायला रोज सकाळी नऊला एक फोन व्हायचा. एक दिवस आम्ही लावायचा, दुसऱ्या दिवशी त्यांनी.

"तार ठीक?"

"ठीक."

बस्स, एवढंच. यापुढे एक अक्षर बोलायची परवानगी नव्हती.

माझा सांभाळ एका हवालदाराकडे होता. पत्र्याची खोली, डुगडुगणारं टेबल, कोपऱ्यात स्टोव्ह, असा आमचा संसार. तो मला रोज फडक्याने पुसायचा. "हा बिघडला तर आपण सगळे बहिरे," असं नव्या शिपायांना दरडावून सांगायचा, तेव्हा मी मनातून फुगायचो. पलीकडचा माणूस "तार ठीक?" म्हणायच्या आधी दोनदा खोकायचा. एकदा आठवडाभर तिकडून वेगळाच आवाज आला, तर आमच्या हवालदाराला जेवण गोड लागेना. खोकला परत आला, तेव्हा त्याने फोन ठेवून "आहे बाबा, आहे" म्हणत मोठा श्वास सोडला. त्या माणसाचं तोंडही त्याने कधी पाहिलं नव्हतं.

मग दोन्ही राजधान्यांमध्ये कशावरून तरी बिनसलं. चौकीचे साहेब खोलीत आले आणि म्हणाले, "आजपासून आपण आधी फोन लावायचा नाही. त्यांना गरज असेल तर ते लावतील."

"पण साहेब, तार तपासायला तरी..."

"आपणच का नमतं घ्यायचं? वरचा हुकूम आहे."

पलीकडेही अगदी हाच हुकूम निघाला होता. झालं! दोघेही नाक वर करून बसले. माझ्या डोक्यावर कुणी टोपी ठेवायला लागलं, कुणी चहाचा पेला. नऊ वाजले की हवालदार माझ्याकडे बघायचा आणि मी त्याच्याकडे. एवढा एकटेपणा मी कारखान्याच्या बंद खोक्यातसुद्धा भोगला नव्हता.

एकोणिसाव्या दिवशी धुकं उतरलं. सकाळी गस्तीवर गेलेले पाच जण दुपार झाली तरी परतले नाहीत. त्यांत हवालदाराचा मेहुणा होता, त्याच्या बायकोचा एकुलता एक भाऊ. "मी आहे ना तिथे," असं सांगून हवालदारानेच त्याला या चौकीत आणलं होतं. वायरलेसवर त्याचे शेवटचे शब्द आले, "कुंपणाचे खांब दिसत नाहीत," आणि आवाज बंद झाला. थोड्या वेळाने पलीकडून गोळीचा आवाज आला. फक्त एका गोळीचा.

साहेबांनी सगळ्यांना बंदुका घेऊन मोर्च्यावर जायला सांगितलं.

हवालदार म्हणाला, "साहेब, पोरं वाट चुकलीत. पलीकडच्यांना वाटत असेल आपण चाल करून आलो. एक फोन करू द्या."

"वरून परवानगी मागवली आहे."

"ती येईपर्यंत पोरं संपतील, साहेब! आणि मग इथून जे सुरू होईल, ते कोण थांबवणार?"

साहेबांनी मला त्याच्याकडे सरकवलं. मग म्हणाले, "कर. मी बघतो काय ते."

हवालदाराने मूठ फिरवली. मी जीव एकवटला. काहीच नाही. त्याने पुन्हा फिरवली, पुन्हा पुन्हा फिरवली. अरेरे, त्या अठरा दिवसांत कधीतरी तार तुटली होती आणि कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

हवालदाराने उशीचा पांढरा अभ्रा काढून काठीला बांधला, तार जोडायची हत्यारं आणि खांबावरूनच बोलता येईल असा छोटा फोन असलेली पेटी उचलली आणि तारेचे खांब धरून धुक्यात चालू लागला. साहेबांनी अडवलं नाही. मी रिकाम्या खोलीत वाट बघत राहिलो. मला फार भीती वाटत होती.

पाऊण तासाने माझी घंटा वाजली! साहेब धावत आले. हवालदार बोलत होता, मधल्याच एका खांबापाशी उभा राहून.

"साहेब, बंदुका खाली घ्या. पाचही जण त्यांच्याकडे आहेत, जिवंत आहेत. एकाच्या गुडघ्याला गोळी लागली आहे. त्यांचा फोनवाला आपल्याला कळवायला उठला, तर फोन बंद. तोही तार शोधत निघाला होता. इथे पडक्या खांबाशी कुणीतरी दोनदा खोकलं, साहेब, आणि मी ओळखलं."

संध्याकाळी चौघे चालत परतले. पाचव्याला स्ट्रेचरवरून आणलं. तो हवालदाराचा मेहुणा होता. त्याचा पाय पुन्हा कधी सरळ झाला नाही. "रोजचा फोन चालू असता, तर ती एक गोळीही सुटली नसती," असं हवालदार निवृत्त होईपर्यंत म्हणत राहिला. बायकोला मात्र तो ते कधी सांगू शकला नाही.

आता माझ्या जागी पडद्याचं चकचकीत यंत्र आलं आहे. मी कोठारात, जुन्या कोटांच्या ढिगाखाली पडलो आहे. माझी तार कापली आहे. भावाचं काय झालं, कोण सांगणार? भिंतीपलीकडून त्या यंत्राची नऊची घंटा मात्र ऐकू येते. कधी कधी पलीकडच्यांची पाळी असूनही ती वाजतच नाही. मग माझा जीव खालीवर होतो. मित्रांनो, रुसवा कितीही मोठा असू द्या, पण शेजाऱ्याशी असलेली तार रोज तपासत जा. गप्प बसणाऱ्याला ती तुटलेली कळत नाही.

कालही घंटा वाजली नाही. मी ऐकत होतो. तेवढ्यात बाहेर काठी टेकत टेकत कुणीतरी चालत गेलं. तो हवालदाराचा मेहुणा होता; त्याला आता कोठाराचं काम दिलं आहे. त्याने यंत्राच्या खोलीचं दार ढकललं आणि ओरडला, "नऊ वाजून गेले ना? मग कुणाची वाट बघताय? लावा की आपणच!"