दगडी पोरांचे नवे कपडे

शाळेच्या अंगणाकडच्या दारावर दोन कोनाडे होते आणि त्यांत दोन दगडी पोरं: डावीकडे मुलगा, उजवीकडे मुलगी. धर्मादाय शाळेतली अनाथ लेकरं म्हणून बसवलेली, पण अशी गुबगुबीत, की शाळेचं सगळं अन्न यांनीच फस्त केलं असावं.

कारण मोठ्या बाईंना ठाऊक होतं. इथल्या प्रत्येक मुलाला दरवर्षी नवे कपडे मिळतील, असं संस्थापकांनी दारावरच कोरवून घेतलं होतं. मग दगडाच्या पोरांनीच काय घोडं मारलंय? त्यांनाही दरवर्षी रंगाचा नवा हात बसायचा, जुना न खरवडता. दीडशे वर्षांत दोघांनी चांगलंच बाळसं धरलं. अलीकडे हे काम बाई स्वतःच शिडीवर चढून करत. घरी पोरबाळ नव्हतं, त्यामुळे ही दोघं त्यांना आपलीच वाटत.

आता संस्थेच्या अध्यक्षांनी, म्हणजे संस्थापकांच्या पणतूने, इमारत पाडून दुकानं काढायचा घाट घातला होता. पुरातन वास्तू म्हणून संरक्षण मिळालं तरच ती वाचणार होती. त्यासाठी आलेल्या वास्तुतज्ज्ञांना बाईंनी मुलामुलींचे वेगळे जिने दाखवले, पोरांनी बाहेर बघू नये म्हणून उंचावर काढलेल्या खिडक्या दाखवल्या.

"अशा शाळा पैशाला पासरी आहेत, बाई," तज्ज्ञ जांभई दाबत म्हणाले. मग त्यांचं लक्ष कोनाड्यांकडे गेलं. "ही इतकी जाड कशी?"

बाईंनी सांगितलं.

"खरवडा. मूळ शिल्प दिसल्याशिवाय मी काही लिहिणार नाही."

इमारतीसाठी बाईंनी मन घट्ट केलं. दुसऱ्या दिवशी तज्ज्ञ आणि अध्यक्षांच्या देखत कारागिरांनी मुलापासून सुरुवात केली. रंगाच्या खपल्या पडत गेल्या, तशा आतून हातापायांच्या काड्या निघाल्या. बाईंना बघवेना. शेवटी चेहरा मोकळा झाला. पोराने जीभ बाहेर काढली होती, चांगली हनुवटीपर्यंत.

"अहो, समोर आमच्या पणजोबांचा पुतळा आहे!" अध्यक्ष ओरडले. खरंच, अंगणापलीकडे संस्थापक उभे होते आणि जीभ थेट त्यांनाच दाखवलेली होती.

"अगं बाई! म्हणजे पोरांना रंगवायची टूम यासाठी निघाली होय!" बाई म्हणाल्या.

"आत्ताच्या आत्ता रंग फासा त्याला!" अध्यक्ष कडाडले.

"रंगाचं बोट जरी लावलंत तर याद राखा," तज्ज्ञांची झोप आता पार उडाली होती. "असं शिल्प मी जन्मात पाहिलं नाही. बाई, तुमची इमारत वाचली!"

बाईंना रडू आलं. तेवढ्यात कारागिरांनी शिडी मुलीकडे सरकवली आणि बाई डोळे पुसत आडव्या आल्या.

"हिला हात लावायचा नाही."

"बाई, काय सांगावं, हिनेही काही केलं असेल," तज्ज्ञ म्हणाले.

"केलं असेल तर तिचं तिच्यापाशी. एकाची हाडं दिसली ना, तेवढ्यावर भागवा."

तज्ज्ञांनी डोकं खाजवलं आणि जुन्या प्रथेचा पुरावा म्हणून मुलगी आहे तशी ठेवायची असं लिहून टाकलं.

वर्ष सरलं, कपड्यांचा दिवस आला. बाईंनी मुलीला रंगाचा नवा हात दिला. शेजारी तो हडकुळा उघडाच उभा होता. त्याला रंग लावायचा नाही असा सक्त हुकूम होता, पण लोकरीबद्दल कोणी काही बोललेलं नव्हतं. बाईंनी पिशवीतून स्वतः विणलेला मफलर काढला आणि त्याच्या गळ्याभोवती दोन वेढे देऊन नीट गुंडाळला. जीभ तेवढी बाहेर ठेवली.