इंजिनाने गिळलेला ठोका

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं जोतीरामआण्णा चार महिने स्वतःला समजावत होते. खरं पाहता राहून काहीच गेलं नव्हतं. उत्तर त्यांनी अकरा वेळा लिहिलं होतं आणि अकराही वेळा ते जाड शब्दकोशाच्या पानांत दडपून ठेवलं होतं. शब्दकोश आता मिटत नसे. त्यावर वरवंटा ठेवावा लागे, आणि त्यांची बायको धोंडुबाई रोज चटणीच्या वेळी वरवंटा शोधत घरभर फिरे.

"अवो, ह्या पुस्तकाला काय प्वाट आलंय का?" ती विचारायची.

आण्णा शब्दकोश आणखी दाबून बसवत. छत्तीस वर्षं त्यांनी कोल्हापुरातल्या एका छापखान्यात प्रूफं तपासली होती. दुसऱ्यांनी लिहिलेलं वाचायचं, चुकलं असेल तिथे समासात लाल खूण करायची आणि पुढचा कागद ओढायचा. आपलं मत कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर आण्णांना घाम फुटला असता.

पण मतं नव्हती असं नाही. शालूबाईच्या कॅसेटींबद्दल तर त्यांच्याजवळ वहीभर मतं होती.

शालूबाई कोडोलीची. सवालजवाबाची शाहिरी करायची. लोक त्याला गाणी म्हणत, पण ती गायची कमी आणि बोलायची जास्त. डफाच्या तालावर शब्द असे सोडायची की पोतं फाटून शेंगा ओघळाव्यात. जत्रेत तिच्यासमोर उभ्या राहिलेल्या भल्याभल्या शाहिरांना तिचा सवाल कळेपर्यंत तिचा पुढचा सवाल सुटलेला असे. आण्णांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, कारण गर्दीत जायला ते भीत. पण मुलाने घरात टेपरेकॉर्डर आणला, आणि १९८४ साली गल्लीतल्या ज्ञानूच्या कॅसेटच्या दुकानात तिची पहिली कॅसेट मिळाली. त्या दिवसापासून दुपारच्या जेवणानंतर आण्णा टेपला कान लावून बसू लागले.

कॅसेट काढणारा होता उचगावचा कुतुबुद्दीन. रेडिओ दुरुस्तीचं त्याचं दुकान. मागच्या खोलीत भिंतींना गोणपाट लावून तो ध्वनिमुद्रण करी. आण्णांच्या मते निम्मं श्रेय त्याचं होतं. वहीत त्यांनी लिहिलं होतं:

"पहिली कॅसेट. बाई श्वास कुठे घेते ते सापडत नाही. डफ मात्र शेजारच्या घरात वाजतो आहे.

दुसरी. डफ घरात आला. माईक बहुधा दारात ठेवला असावा, कारण अंगणाची पोकळी ऐकू येते. हे मुद्दाम केलं असेल तर माणूस मोठा आहे. चुकून झालं असेल तर नशीबवान आहे.

तिसरी. तुणतुणं काढून टाकलं! केवढी हिंमत. मोठ्या शहरांतल्या कॅसेटींत वीस वाद्यं असतात आणि गाणारा बिचारा पंगतीत उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा कोपऱ्यात बसलेला असतो. इथे बाई, डफ आणि मधली शांतता. शांतताही या माणसाने वाजवली आहे."

तिसऱ्या कॅसेटीच्या वेष्टनावर छपाईच्या सात चुका होत्या. आण्णांचा हात आवरेना. त्यांनी त्या पोस्टकार्डावर कुतुबुद्दीनला दाखवून दिल्या आणि उरलेल्या जागेत, धीर करून, शांततेबद्दलच्या दोन ओळी लिहिल्या. खाली सही केली 'एक म्हातारा श्रोता'. पण सवयीने मागे स्वतःचा पत्ताही लिहून बसले.

मार्गशीर्षात त्या पत्त्यावर एक जाड पाकीट आलं. आत एक कॅसेट आणि कुतुबुद्दीनचं पत्र. पत्र आण्णांना तोंडपाठ झालं होतं.

"श्रोतेसाहेब, आमच्या कॅसेटी पुष्कळ लोक ऐकतात, पण सात चुका तुम्हालाच दिसल्या आणि शांतता तुम्हालाच ऐकू आली. म्हणून विचारतो. चौथ्या कॅसेटीत मी डफाच्या खाली गुऱ्हाळाचं इंजिन घातलं आहे. इंजिनाचा आवाज रिळावर घेतला, बारा ठोक्यांची फीत ब्लेडने कापली, दोन्ही टोकं चिकटवून गोल केली आणि पेन्सिलीभोवती फिरवली. त्यावर शालूबाईला बोलायला लावलं. शालूबाई रागावली आहे. म्हणते, मला काय उसाबरोबर चरकात घालतोस? लोक हसतात. तुम्ही सांगाल तसं करीन. एकच कॅसेट केली आहे, ती धाडली आहे. कळवावे."

आण्णांनी कॅसेट लावली. आधी नुसतं इंजिन. डुग, डुग, डुग. जुनं इंजिन होतं, मध्येच एक ठोका गिळायचं. जिना उतरताना एक पायरी नसावी तसं काळजात व्हायचं. मग शालूबाई आली:

"सांग गड्या, उसाला गोडी कुठनं आली?
मुळातनं म्हणशील, तर माती का न्हाय गोड झाली?"

आणि इंजिनाने ठोका गिळला तो नेमका 'माती'च्या आधी. त्या रिकाम्या जागेत तो शब्द ढेकळासारखा येऊन पडला. आण्णा खुर्चीतून उठून उभे राहिले. एकटेच होते, तरी उभे राहिले.

मग उत्तर लिहायला बसले, आणि तिथेच सगळं अडलं. पहिलं उत्तर फार लांब झालं. दुसऱ्यात विद्वत्ता दिसत होती. तिसरं वाचताना वाटलं, ताल म्हणजे काय हे न कळणाऱ्या माणसाने तालावर मत द्यावं, हे शोभतं का? चौथ्यात त्यांनी स्वतःच इतक्या लाल खुणा केल्या की कागद गोवर आल्यासारखा दिसू लागला. अकरावं झाल्यावर त्यांच्या मनात आलं, एकुलती एक कॅसेट आपल्याकडे पडून आहे, तिकडे त्या माणसाचं काम खोळंबलं असेल. त्यांनी ती नव्या पाकिटात घातली आणि परत पाठवून दिली. सोबत एक ओळही नाही.

पण त्यात त्यांना काही गैर वाटलं नाही. उलट मन हलकं झालं. छापखान्यात त्यांचं प्रूफ एकही खूण न होता परत गेलं की फोरमन समजून जाई: आण्णांना चूक सापडली नाही, चढवा यंत्रावर. छत्तीस वर्षांत याहून मोठी शाबासकी त्यांनी कुणाला दिली नव्हती.

पाडव्यानंतरच्या गुरुवारी ज्ञानूने दुकानातूनच हाळी दिली. "आण्णा! शालूबाईची चौथी आली की!"

तिथेच काउंटरवर त्यांनी ती लावायला सांगितली. डफ वाजला. तुणतुणं वाजलं. शालूबाईने उसाचा सवाल टाकला. सगळं स्वच्छ, सगळं जागच्या जागी, आणि दूध काढलेल्या चहासारखं.

"इंजिन कुठाय?" आण्णांच्या तोंडून निघून गेलं.

"कसलं इंजान?" ज्ञानू हसला. "आँ, ते व्हय! कुतुबनं घातलं हुतं म्हनं कायतरी खूळ. कोन शहरातला शाना म्हातारा हाय, त्येला पसंत पडलं न्हाय. मग काढलं. आता तर धंदाच बंद करतोय म्हनं. ही शेवटची कॅसेट. का वो, आण्णा? बसा, बसा की! पाणी आणू?"

आण्णा पाण्यासाठी थांबले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदाच ते कुणी न बोलावता कुणाच्या घरी निघाले होते. बसमध्ये त्यांनी वाक्य जुळवलं, 'मी तो श्रोता', आणि उचगावला उतरेपर्यंत ते तीनदा बदललं.

कुतुबुद्दीनच्या दुकानाच्या पायरीवर त्याची आई लालबी लसूण सोलत बसली होती. आण्णांना बघून तिने मानेनेच आत खुणावलं.

"या पावणं. रेड्यू आणलासा न्हवं? ठिवा तिथं. कुतुब न्हाय. शाहूवाडीकडं उरुसाला भोंगं लावाय गेलाय. रईवारी येतोय."

"रेडिओ नाही... मी..." आण्णांचं वाक्य बसमध्येच राहिलं होतं.

"मग बसा की. उन्हाचं आलाय. तांब्या घ्या."

ते बसले. लालबी बोलतच होती. बोलायला तिला समोर माणूस लागत होता, उत्तर लागत नव्हतं.

"ह्यो रेड्यूचा धंदा तरी ऱ्हायला, तेवढं बरं. ते कॅशेटीचं ग्येलं. कोन एक म्हातारा, त्येच्या नादानं ग्येलं. प्वार माझं त्येला गुरू मानून बसलं. त्येनं काय केलं? कॅशेट तशीच परत धाडली. चिठ्ठी न्हाय, चपाटी न्हाय. आवो, शेजारनीचं भांडं बी आपन रिकामं परत देत न्हाय. घरात काय नसलं तर चार दाणं साखरंचं टाकतो. ह्यो शिकलेला म्हणं! कुतुब दोन दिस जेवला न्हाय. म्हणला, आम्मा, शिवी दिली असती तरी चाललं असतं. म्हातारा थुकाय बी तयार न्हाय माझ्या कामावर."

आण्णांनी हातातला तांब्या खाली ठेवला. बिनखुणेचं प्रूफ! हा छापखान्याचा रिवाज छापखान्याच्या दाराबाहेर कुणाला ठाऊक असणार? छत्तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढणाऱ्या माणसाला एवढंही कळू नये?

"शालूबाई काय म्हणाली?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"ती? आधी भांडली. मग गुऱ्हाळावर बायका तेच गाणं इंजनावर म्हणाय लागल्या, तवा म्हणती, कुतुब, ऱ्हाऊ दे तुजं इंजान. पन ह्यो ऐकंल तर शपत! आता रईवारी आला की त्या रिळावर लग्नाची सनई भरणार हाय. नवं रीळ मिळंना म्हणं. परत आलेली कॅशेट तेवढी मी लपवून ठिवलीया. मला आवडती ती. ह्येचा बाप गुऱ्हाळावर इंजान चालवायचा. पंचवीस वरसं त्यो आवाज ऐकून मी सैपाक केलाय."

ती उठली, हात पदराला पुसले, आणि तांदळाच्या डब्यातून कॅसेट काढून टेपमध्ये घातली.

डुग, डुग, डुग. पायरीवर ऊन होतं, समोरून उसाच्या वाढ्याने, हिरव्या शेंड्यांनी, भरलेली गाडी चालली होती. आण्णा सगळं विसरले. त्यांचं बोट गुडघ्यावर ठोका धरू लागलं. शालूबाई आली, सवाल टाकला, आणि इंजिनाने ठोका गिळायच्या क्षणी आण्णांचं बोट आपोआप वर राहिलं. 'माती' पडली तेव्हा खाली आलं. पुढच्या फेरीलाही तसंच. त्याच्या पुढच्याही.

लालबीने टेप बंद केला.

"पावणं," ती सावकाश म्हणाली, "ही कॅशेट बाजारात गेलेलीच न्हाय. तुमच्या बोटाला कसं ठावं, ठोका कुठं पडत न्हाय त्ये?"

आण्णांनी मान खाली घातली. शाळेत छडी खायला हात पुढे करावा तसे ते बसून राहिले.

"तुमीच व्हय त्ये म्हातारं!"

"हो," आण्णा म्हणाले. "मला फार आवडली होती. आमच्यात खूण केली नाही की... म्हणजे चूक नाही असं... मला लिहिता आलं नाही, बाई."

लालबीला हसू आलं. लसणाची परडी हलेपर्यंत ती हसली.

"आवडली म्हणून परत धाडली! माझ्या अल्ला! आन तिकडं प्वार उपाशी बसलंय."

"तुम्ही सांगा ना त्याला. मी आलो होतो म्हणून."

"मी? मी सांगितलं तर म्हणंल, आम्मा मन राखाय बोलती. मला न्हाई वाचता येत, न्हाई लिवता. लिवून धाडा. टपालानं ग्येलं त्ये टपालानंच याया पायजे, तुमच्या अक्षरात. आन रईवाराच्या आत."

आण्णा घरी पोचले तेव्हा दोन वाजून गेले होते. कोपऱ्यावरची टपालपेटी चार वाजता उघडायची. त्यांनी शब्दकोशावरचा वरवंटा उचलून धोंडुबाईच्या हातात दिला, अकरा कागद बाहेर काढले आणि बाजूला सारले. त्या सगळ्यांत स्तुतीच होती. नुसती स्तुती आता कुतुबुद्दीन खरी मानणार नव्हता. ज्याला चुका दिसतात, त्याचंच तो ऐकणार होता. त्यांनी कोरा कागद घेतला.

"कुतुबुद्दीनभाई,

तुमची कॅसेट मी कोरी परत पाठवली, ती चूक माझी. आमच्या छापखान्यात कोरं प्रूफ म्हणजे निर्दोष. हे तुम्हाला कसं कळावं, याचा मी विचार केला नाही. मी भित्रा माणूस आहे.

इंजिन परत घाला. इंजिन ठोका गिळतं तिथे तुम्ही 'माती' ठेवलीत. आयुष्यभर मी शब्दांच्या मधल्या जागा तपासल्या, पण मोकळ्या जागेत एवढं वजन मावतं हे मला तुमच्यामुळे कळलं. शालूबाईंना सांगा, इंजिनाखाली त्यांचा आवाज बुडत नाही. इंजिन त्यांना वाट करून देतं.

एकच खूण करतो. शेवटी तुम्ही इंजिन एकदम तोडलं आहे. गुऱ्हाळावर पट्टा उतरवल्यावर ते जसं दमत दमत थांबतं, तसं थांबू द्या. सनईसाठी दुसरं रीळ शोधा.

जोतीराम."

'एकच खूण' या शब्दांखाली त्यांनी लाल शाईने रेघ ओढली. वाचून पाहिलं. दुसऱ्या परिच्छेदातला एक शब्द त्यांना खटकला. पेन उचललं गेलं, हवेत थांबलं, आणि त्यांनी ते टोपण लावून ठेवून दिलं.

धोंडुबाई दारात उभी राहून सगळं बघत होती. उचगावची हकिकत तिने त्यांच्याकडून निम्मी ऐकली होती आणि निम्मी ओळखली होती. आण्णा पाकिटाला डिंक लावणार तोच तिने ते हातातून घेतलं आणि आत चिमूटभर साखर टाकली.

"अगं, मुंग्या लागतील!"

"लागू द्यात. रिकामं जायला नगं."

पावणेचार झाले होते. आण्णांनी टोपी घातली. पेटीशी आल्यावर सवयीप्रमाणे त्यांचा हात फटीत जाऊन थांबला. पाकिटाचं एक टोक आत, एक टोक बोटांत. अकरा वेळा मनातल्या मनात ते इथवर येऊन परत गेले होते. पलीकडून सायकल लावून पोस्टमन पिशवी घेऊन येत होता.

"टाकताय का, आण्णा? का मी हातानं घिऊ?"

"नको, नको," आण्णा म्हणाले. "मीच टाकतो."

आणि त्यांनी बोटं सोडली. पाकीट पेटीच्या तळाशी पडलं. साखरेचे दाणे आत जरासे खुळखुळले.